अण्णा, आपल्या धोट्याचं मूळ गाव सापडलं

बोल्टन, रविवार दुपार

ती. अण्णा आणि आई, सा. न.

पार्सल पोचलं. मेतकूट शाबूत, चटणीची पिशवी मात्र एका कोपऱ्यात उसवली होती त्यामुळं माझे दोन्ही स्वेटर आता लसणाचे झालेत, असू दे, थंडीत कुणाला कळतंय. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं पण अण्णा लांब मेसेज वाचत नाहीत, "पुढं काय ते सांग" म्हणतात, म्हणून सावकाश टाईप करून दादाला पाठवतेय. त्यानं प्रिंट मारून द्यावी, मोठ्या अक्षरात.

अण्णा, मागं फोनवर तुम्ही म्हणालात की लंडन न्हाई, समुद्र न्हाई, मग त्या बोल्टनात हाय तरी काय. तेव्हा मी "पाऊस" म्हणून हसण्यावारी नेलं, पण खरं उत्तर मलाच माहीत नव्हतं. आता ऐका. तुम्ही उभी हयात ज्याच्यासमोर उभे राहून काढलीत तो आपला साधा माग ह्याच भागातला. मँचेस्टर-मँचेस्टर आपण म्हणतो, इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, पण मँचेस्टर म्हणजे मुख्यतः बाजारपेठ आणि गोदामं. माग, सूत कातायच्या चात्या, आडवं सूत इकडनं तिकडं नेणारा धोटा हे सगळं जन्मलं ते आजूबाजूच्या छोट्या गावांत. बरी इथून आठ-दहा किलोमीटर, ब्लॅकबर्न वीसेक, बर्नली चाळीसच्या आत. म्हणजे आपल्याकडनं जयसिंगपूर नि कोल्हापूर जेवढं तेवढंच. एवढ्याशा टापूत शंभर-सव्वाशे वर्षांत लोकांनी असं काय करून ठेवलं की अख्ख्या जगाच्या अंगावरचे कपडे बदलले, आणि गंमत म्हणजे ज्यांनी केलं त्यातल्या बहुतेकांना त्याचा काडीचा फायदा झाला नाही.

बर्नलीजवळ हार्ल साईक म्हणून वस्ती आहे, तिथं क्वीन स्ट्रीट मिल आहे, आता म्युझियम. १८९४-९५ मधे बांधलेली, कुणा एका शेठजीची नाही, गावातल्याच लोकांनी शेअर घेऊन काढलेली. वाफेचं इंजिन अजून जागेवर आहे, ५०० हॉर्सपॉवरचं, त्याला नाव आहे पीस म्हणजे शांती, पहिल्या महायुद्धानंतर ठेवलेलं. एका इंजिनावर एकेकाळी हजाराच्या आसपास माग चालायचे, आज तीनशेच्या वर उरलेत, रांगेनं उभे, वर शाफ्ट, शाफ्टवरनं खाली आलेले चामडी पट्टे. आत शिरल्या शिरल्या तो वास आला, तेल नि सूत नि थोडं गंजल्यासारखं, आणि मी तिथंच थांबले. बरोबरचे लोक पुढं गेले, मला मात्र आपल्या शेडच्या दारात उभं असल्यासारखं झालं, डबा घेऊन.

मग एका माणसानं एक माग चालू करून दाखवला. बाकीच्यांनी कानात बोटं घातली, मी मेली तशीच, आपल्याला काय त्याचं. लँकेशायर लूम म्हणतात त्याला. उभं सूत वर-खाली करणारी वही, आडवं सूत ठोकणारी फणी, मागं उभ्या सुताचं बीम, पुढं कापडाचा रोल, सगळं तेच, पण ह्याची काठी वरून मारते, काठीच्या टोकाला चामड्याचा पट्टा आणि तो पट्टा धोट्याला धक्का देणाऱ्या पिकरला ओढतो. आपल्या शेडमधले माग खालून मारायचे असं माझ्या डोळ्यासमोर आहे. बरोबर आहे का ते मला सांगा, कारण त्या माणसानं विचारलं नि मी ठोकून दिलं.

धोट्यातली सुताची कांडी संपली तसा माग आपोआप थांबला. त्यानं नवी कांडी घातली, धोट्याच्या डोळ्यातनं सूत ओढायला एक छोटा आकडा वापरला आणि सांगितलं की पूर्वी बाया हे तोंडानं करायच्या, धोट्याला ओठ लावून सूत आत ओढायचं, त्याला इथं धोट्याचा मुका म्हणायचे. एकाच धोट्याला दहा जणींचं तोंड, त्यातनं रोग पसरायचे, आणि फुफ्फुसात कापसाची धूळ जायची ती वेगळी. मी म्हटलं माझे वडीलपण असंच करायचे की. तो बघतच राहिला. त्याच्यासाठी ती इतिहासातली गोष्ट, आपल्याकडं कालपरवाची.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, नव्वदीला टेकलेल्या, तरुणपणी मागावर होत्या. त्या बोलताना तोंड इतकं मोठं वेडंवाकडं हलवतात की सुरवातीला मला वाटलं काही दुखणं असेल. तसं नाही. शेडमधे कानठळ्या बसायच्या तेव्हा एकमेकींच्या ओठांवरनं बोलणं ओळखायची सवय, मी-मॉइंग म्हणतात त्याला, आणि मागाची रांग मधे असली तरी ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात गावभरच्या चुगल्या व्हायच्या. रिटायर झाल्या तरी तोंड तसंच हलतं. तुम्ही फोनवर ओरडून बोलता त्याचं कारणपण हेच, आई उगाच तुम्हाला बोलते.

आता धोट्याचं. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ होती, जॉन के याने धावता धोटा शोधला, १७३३. बास, एक ओळ, दोन मार्क. त्या जॉन केचं गाव हे बरी. त्याच्या आधी विणकर धोटा एका हातानं फेकायचा नि दुसऱ्या हातानं झेलायचा, त्यामुळं कापडाचा पन्हा हात पोचेल एवढाच, रुंद कापड पाहिजे असेल तर मागाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसायची, एक फेकणार एक झेलणार. केनं धोट्याला चाकं लावली, फणीपुढं पळायला एक सपाट पट्टी दिली, दोन्ही टोकांना पेट्या, पेट्यांत पिकर, नि पिकरला दोरी. मधे बसलेल्या माणसानं दोरीला हिसका दिला की धोटा सुटला. एका माणसात रुंद कापड, आणि वेग जवळपास दुप्पट. कल्पना बघितली तर एवढीशी आहे, माग दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही हुशार जॉबरला सुचावी अशी, पण हजारो वर्षं कुणाला सुचली नव्हती हे पण खरं.

आणि मिळालं काय त्याला? विणकर चिडले कारण दोघांचं काम एक करणार. कारखानदारांनी धोटा तर उचलला पण पैसे द्यायला तयार नाहीत. त्यांनी चक्क एक मंडळ काढलं, शटल क्लब, म्हणजे केनं कुणावर दावा लावला की कोर्टाचा खर्च सगळ्यांनी वर्गणी काढून भागवायचा. के दावे जिंकूनसुद्धा भिकेला लागला. शेवटी फ्रान्सला गेला, तिथंच हलाखीत मेला, कधी आणि कुठं पुरला ते पण नीट माहीत नाही. बरीत आता त्याच्या नावाची बाग आहे नि त्यात मोठं स्मारक, १९०८ मधे बांधलेलं. स्मारकाखाली बाकड्यावर बसून लोक चिप्स खातात, कुणी मान वर करून बघत नाही. ह्याच केच्या पोरानं, रॉबर्टनं, १७६० मधे ड्रॉपबॉक्स काढला, वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांचे धोटे आलटून पालटून चालवायला. आपल्याकडं रंगीत साडीवाल्यांचे ड्रॉपबॉक्स माग होते ना, ते ह्या बापलेकांचं देणं.

पण धोटा पळायला लागला आणि गोची झाली सुताची. आधीच एका विणकराला सूत पुरवायला चार-पाच जणी चरख्यावर बसायच्या, आता तेवढ्यानं पण भागेना. तुम्ही म्हणायचात ना की सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्यानं बीम वेळेवर दिलं नाही तर चार माग असून काय उपयोग, तसंच, फक्त अख्ख्या मुलखाचं. मग सगळे सुताच्या मागं लागले. ब्लॅकबर्नजवळ स्टॅनहिल नावाचं खेडं आहे, तिथला जेम्स हरग्रीव्हज हा स्वतः विणकर, त्यानं १७६४ च्या सुमाराला स्पिनिंग जेनी केली, एका चाकावर आठ चात्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच घरात घुसून तिचे तुकडे केले आणि तो गाव सोडून नॉटिंगहॅमला गेला. पेटंट घेतलं तेव्हा उशीर झालेला, आधीच थोडी यंत्रं विकून बसला होता त्यामुळं पेटंट कोर्टात टिकलं नाही.

पैसा केला तो एकट्या रिचर्ड आर्कराईटनं. हा मूळचा न्हावी, आमच्या बोल्टनलाच चर्चगेट रस्त्यावर दुकान होतं, केसांचे टोप करून विकायचा. १७६९ मधे पाण्यावर चालणाऱ्या सूतयंत्राचं पेटंट काढलं, डर्बीशायरमधे क्रॉमफर्डला मिल उभी केली नि सर होऊन मेला. यंत्र त्याचं स्वतःचं होतं की दुसऱ्याच्या डोक्यातनं उचललेलं ह्यावरनं कोर्टात खटला झाला, १७८५ मधे त्याचं नंतरचं, १७७५ चं पेटंट रद्द झालं, तोपर्यंत गडी गबर झाला होता. मला हा माणूस आवडत नाही पण नाकारता पण येत नाही, कारण माणसांना भोंग्यावर आणून एका छपराखाली पाळीनं कामाला लावायची पद्धत त्यानंच नीट बसवली. तुमची दिवसपाळी-रात्रपाळी तिथनं आली.

माझा लाडका सॅम्युएल क्रॉम्प्टन. आमच्या बोल्टनचा. घरापासून बसनं थोडं गेलं की हॉल-इथ-वूड म्हणून जुना काळ्या-पांढऱ्या लाकडी नक्षीचा वाडा आहे, तिथं भाड्यानं राहायचे हे. बाप लवकर गेला, आई कडक, रोज ठराविक सूत काढल्याशिवाय सुटका नाही, आणि जेनीचं सूत तर सारखं तुटतंय. वैतागून त्यानं रात्री जागून स्वतःचं यंत्र करायला घेतलं, १७७४ ते १७७९, हत्यारं घ्यायला पैसे नाहीत म्हणून बोल्टनच्या नाटकगृहात व्हायोलिन वाजवायचा. मधेच यंत्रं फोडणाऱ्यांची लाट आली तेव्हा सुटे भाग वाड्याच्या माळ्यावर लपवून ठेवले. जे तयार झालं त्याला म्यूल म्हणजे खेचर म्हणतात, जेनी आणि आर्कराईटचं यंत्र दोन्हींचा संकर. चात्यांचा गाडा रुळावर मागं-पुढं जातो, जाताना सूत ओढतो नि पिळतो, येताना गुंडाळतो. त्याच्यावर त्यानं ८० काउंटचं बारीक सूत काढलं, अण्णा, त्या काळात, लाकडी यंत्रावर! तोवर असलं तलम सूत म्हणजे आपल्या ढाक्याच्या बाया बोटांनी काढायच्या तेवढंच. ह्या यंत्रानंतर मलमल इंग्लंडात व्हायला लागली.

लोक शिड्या लावून खिडकीतनं डोकवायचे. पेटंटला पैसे नाहीत, गुपित राहायचं नाही, मग कारखानदार म्हणाले तू उघड करून दाखव, आम्ही वर्गणी काढून देतो. कागदावर सह्या झाल्या, यंत्र दाखवलं, आणि हातात आले जेमतेम ६० पौंड. काहींनी तर सही केलेली रक्कम पण दिली नाही. खर्चीवर, म्हणजे सूत देऊन नुसत्या मजुरीवर, माल करून घेऊन बिलाला फिरवाफिरवी करणारे तुम्ही काय कमी बघितलेत, पण हे म्हणजे कळसच. १८११ मधे म्हातारपणी तो गावोगाव फिरला आणि आपल्या यंत्राच्या चात्या मोजल्या, त्या भरल्या चाळीस लाखांच्या वर. तो हिशेब घेऊन पार्लमेंटकडं गेला. असं सांगतात की पंतप्रधान पर्सिव्हल २०,००० पौंडांचा ठराव मांडणार होते आणि पार्लमेंटच्या लॉबीतच त्यांना गोळी घातली, मे १८१२ मधे. इंग्लंडच्या इतिहासात खून झालेला एकच पंतप्रधान, तो पण नेमका ह्याच्या वेळेला. शेवटी मिळाले ५,००० आणि ते धंद्यात बुडाले. १८२७ मधे वारला. पुतळा उभारला १८६२ मधे, नेल्सन स्क्वेअरमधे, मी डबा खायला कधी कधी तिथंच बसते.

यंत्रमागाची गोष्ट तर विनोदीच आहे. एडमंड कार्टराईट हा पाद्री, मळे-बागा नि कविता करणारा माणूस, त्यानं गप्पांत ऐकलं की सूत आता इतकं व्हायला लागलंय की विणायला माणसं पुरणार नाहीत. विणणाऱ्याला आयुष्यात बघितलेलं नसताना १७८५ मधे त्यानं पॉवरलूमचं पेटंट घेतलं. पहिल्या मागात फणी एवढी जड आपटायची आणि धोट्याच्या स्प्रिंगा एवढ्या दणकट होत्या की चालवायला दोन तगडी माणसं लागायची, ती पण थोड्या वेळानं दमायची, हे त्यानं स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. तुम्ही असता तर हातातला पाना त्याच्या पायावर टाकला असता. मग पन्नास-साठ वर्षं कुणी ना कुणी त्यात डोकं घालत राहिलं, स्टॉकपोर्टचा हॉरॉक्स, मँचेस्टरचा रॉबर्ट्स ज्यानं ओतीव लोखंडाचा माग केला, आणि शेवटी १८४१-४२ मधे ब्लॅकबर्नचे केनवर्दी आणि बुलो. बाण्याचं म्हणजे आडवं सूत तुटलं की माग आपोआप थांबवणारा काटा त्यांचा, कापडाचे काठ ताणून धरणारा रोलर त्यांचा. तो काटा आला म्हणून एकच माणूस चार माग सांभाळू शकला. इथं चार मागवाला विणकर म्हणजे धंद्यातला मानाचा माणूस. आपल्याकडं पण एका कामगाराला चार माग हेच गणित होतं ना? ते गणित ब्लॅकबर्नच्या दोघांनी घातलेलं.

तेव्हा कोण कशाचा जनक असं जे पाठ करून घेतात ते मला आता पटत नाही. एकानं एक खिळा मारला की दुसऱ्या ठिकाणी भोक पडायचं, मग ते बुजवायला तिसरा. आणि बहुतेक सगळे हातानं काम करणारे, विणकर, न्हावी, फण्या करणारे, सुतार.

आता ज्यांनी यंत्रं फोडली त्यांना इथं सर्रास अडाणी म्हणतात, विकासाच्या आड येणारे. मला राग येतो. एप्रिल १८२६ मधे ह्याच पट्ट्यात तीन दिवसांत हजारावर पॉवरलूम फोडले, हातमागवाल्यांची मजुरी इतकी खाली गेली होती की घरात खायला नव्हतं. चॅटर्टनला सैनिकांनी गोळ्या घातल्या, सहाजण मेले. त्याच्या आधी १८१२ मधे वेस्टहॉटनची मिल जाळली, आमच्या इथनं जवळच, त्याबद्दल चौघांना फाशी, त्यात एक तर पोरगेलं पोर. ह्या माणसांना माग कळत नव्हता असं थोडंच आहे, सगळ्यात जास्त त्यांनाच कळत होता. शंभर वर्षांनी १९३१ मधे बर्नलीला परत तेच, मालक म्हणाले चारच्या जागी जास्त माग चालवा, कामगार म्हणाले नाही, टाळेबंदी, संप. हे वाचताना मला सारखं आपल्याकडचं आठवत होतं, चारचे सहा, सहाचे आठ, आणि पिकाला, म्हणजे धोट्याच्या दर फेरीला, मजुरी मात्र तीच.

बरं, हे सगळं इथं चाललेलं असताना आपल्याकडं काय झालं ते म्युझियमच्या पाटीवर अगदी कोपऱ्यात बारीक अक्षरात. मुळात इथल्या कापडाला वाव मिळाला तो कायद्यानं. हिंदुस्थानी छापील कापड इथल्या बायकांनी इतकं डोक्यावर घेतलं होतं की १७०० आणि १७२१ मधे त्यावर बंदी घालावी लागली. आधी आपलं कापड अडवलं, मग यंत्रं केली, मग तेच कापड आपल्याला विकलं. ब्लॅकबर्नच्या मिला तर खास हिंदुस्थानसाठी धोतरं काढायच्या, काठासकट. कापूस यायचा अमेरिकेतनं, गुलामांनी वेचलेला, तीन-चतुर्थांशाच्या आसपास तिथला. १८६१ मधे तिकडं यादवी सुरू झाली नि कापूस बंद, लँकेशायरमधे लाखो लोक धर्मादाय जेवणावर. मग मागणी आली आपल्या कापसाची. मुंबईत पैसा असा वाहायला लागला की समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोक डोळे झाकून घ्यायला लागले, प्रेमचंद रायचंदचा काळ तो, आणि १८६५ मधे युद्ध संपलं तसे सगळे उताणे. इथल्या विणकरांना आपला आखूड धाग्याचा सुरती कापूस अजिबात आवडायचा नाही, सारखा तुटायचा. चर्चमधे "देवा, कापूस पाठव" अशी प्रार्थना चालू असताना मागनं कुणीतरी ओरडलं म्हणे, "पण सुरती नको!" देवाला सुद्धा काउंट सांगायची सवय.

यंत्रं परदेशी विकायला इथं कायद्यानं बंदी होती, ती १८४३ मधे पूर्ण उठली. त्यानंतर अकरा वर्षांत कावसजी दावरांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. पुढं मुंबईच्या गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं गेली, तेव्हा जगातली सगळ्यात मोठी सूतयंत्रं बनवणारी कंपनी. म्हणजे ज्या गावानं आपल्याला कापड विकलं त्याच्या शेजारच्या गावानं त्या कापडाचा धंदा मोडायची हत्यारं विकली. आणि १९०४ मधे आपल्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, ते तर तुम्हीच मला शाळेच्या भाषणासाठी पाठ करून घेतलं होतं. ह्याच प्लॅट ब्रदर्सनी १९२९ मधे जपानच्या टोयोडांकडनं ऑटोमॅटिक मागाचे हक्क विकत घेतले, एक लाख पौंडांना, त्या पैशाचा हातभार लागून तिकडं मोटारगाडीचं काम सुरू झालं. दादाची टोयोटा आहे ना दारात, तिच्या पोटात पण एक माग आहे म्हणायचा.

१२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकखाली गेले, स्वतः गिरणी कामगार. ते कापड इकडचं. आणि पुढच्याच सप्टेंबरात गांधीजी इथं डार्वनला आले, गोलमेज परिषदेला लंडनला आलेले तेव्हा मुद्दाम, बहिष्कारामुळं ज्यांचं काम गेलं त्यांना भेटायला. त्यांचा तो फोटो बघितलाय का, पंचा नेसलेले गांधी नि भोवती मिलच्या बाया हात वर करून हसतायत? तो इथला. त्यांनी त्या लोकांना सरळ सांगितलं की तुमच्याकडं तीस लाख बेकार, आमच्याकडं तीस कोटी माणसं वर्षातले सहा महिने रिकामी. आणि तरी लोकांनी जयजयकार केला. मला ह्याचं नवल वाटत नाही, मागावरच्या माणसाला दुसऱ्या मागावरच्याचं कळतं.

नवसारीचे एक काका आमच्या शेजारी आहेत, १९६० च्या सुमाराला आले, इथल्या सूतगिरणीत रात्रपाळीला. गोरे लोक रात्रपाळी करायला तयार नव्हते म्हणून आपली माणसं आणली. ते म्हणतात आम्ही आलो तेव्हा धंदा मरत होता, आम्ही फक्त तो थोडा जास्त वेळ जिवंत ठेवला. क्वीन स्ट्रीट मिल बंद पडली मार्च १९८२ मधे. ती तारीख मी दोनदा वाचली, कारण जानेवारी १९८२ मधेच मुंबईत डॉक्टर सामंतांचा संप सुरू झालेला. तिथल्या गिरण्या बसल्या नि काम भिवंडीला, मालेगावला आणि आपल्याकडं आलं, त्याच दिवसांत तुम्ही पहिले दोन माग घेतले होते असं आई सांगते.

तुमचे माग भंगारवाल्यानं नेले त्या दिवशी तुम्ही काही बोलला नव्हता, मी पण विचारलं नाही. इथं तेच माग राखायला सरकार पैसे देतं, मधे पैसे नाहीत म्हणून दोन वर्षं बंद ठेवलं होतं तर लोकांनी केवढा आरडाओरडा केला. पण खरं सांगू का, चालू करून दाखवणारा माणूस ताण्याचं तुटलेलं सूत जोडताना इतका चाचपडत होता की मला वाटलं अण्णा असते तर डोळे मिटून गाठ मारली असती. शिकलेला माणूस आहे, भला आहे, पण त्यानं पोटासाठी कधी माग चालवलेला नाही.

तर आता कामाचं. म्युझियम थंडीत बंद असतं, उन्हाळ्यातच उघडतात, म्हणून तुम्ही दोघांनी मे अखेर नाहीतर जूनमधे यायचं. व्हिसाला तुमचं मागल्या सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट लागेल, दादाला म्हणावं शिक्का मारून घे. बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणि डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत. आई, तू स्वेटर विकत घेऊ नकोस, इथं स्वस्त मिळतात, आणि लोणच्याच्या बरण्या काचेच्या नकोत. अण्णा, वरून मारणारा की खालून मारणारा ते मात्र आधी फोन करून सांगा, मी त्या माणसाला कळवते म्हणालेय.

तुमची,
धाकटी